चढावरच्या साखळ्या

औने मात्तिलाला बर्फाची भीती म्हणून ठाऊक नव्हती. उलट बर्फानेच आपल्याला बिचकून असावं, असा तिचा एकंदर खाक्या होता. जन्मभर तिने शाळेची बस चालवली, तीही सुपीरियर सरोवराच्या काठच्या टेकाडांवर, जिथे नोव्हेंबरात पडायला लागलेला बर्फ एप्रिलपर्यंत दम खात नाही. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने शेजारणीला देऊन टाकलं आणि वर म्हणाली, "मला वेळ कळायला घड्याळ लागत नाही." अशी ही बाई.

त्या शनिवारी मात्र तिला घाई होती, आणि घाई लपवता येत नव्हती म्हणून ती चिडलीही होती. दुपारी चार वाजता तिचा थोरला भाऊ तैस्तो सौनाला, म्हणजे तिच्याकडच्या लाकडी खोलीतल्या वाफेच्या स्नानाला, येणार होता. आठ वर्षांनी! आठ वर्षं ही भावंडं एकाच गावात राहत होती, एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसत होती आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. आता तैस्तोने घर विकलं होतं. सोमवारी तो मुलाकडे डेट्रॉइटला निघाला होता, कायमचा. जाण्याआधी त्याने निरोप धाडला, पण तोही सरळ बहिणीला नाही. सिल्वीच्या हाती धाडला. सिल्वी म्हणजे औनेची शेजारीण, घड्याळवाली, आणि गावातले सगळे निरोप तिच्याच तोंडून जात.

"शनिवारी चारला येतो म्हणाला," सिल्वीने सांगितलं होतं. "फोनबिन करू नका म्हणाला. उतार मोकळा दिसला तर खाली येईन, नाही दिसला तर काय समजायचं ते समजेन."

"समजेन म्हणे!" औने फणकारली. "जन्मात कधी काही नीट समजलाय का हा?"

पण फणकारा तोंडापुरता होता. निरोप आल्यापासून तिला झोप नव्हती. भाऊ एकच होता, आणि पासष्टी ओलांडलेला माणूस डेट्रॉइटला गेला की पुन्हा तळ्याकाठी येईल याचा भरवसा कुणी द्यावा? शुक्रवारी तिने वेलदोड्याचे पाव भाजले, वाफेत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी माळ्यावरून काढून ठेवली, सौना घासून लखलखीत केला. तैस्तो आणि औने, दोघंही त्याच सौनात जन्मले होते. त्या काळी बाळंतपणाला तेवढी एकच स्वच्छ, उबदार खोली असायची.

सगळं तयार होतं, फक्त उतार तयार नव्हता. औनेचं घर पाण्याच्या काठी, खाली. रस्ता वर, टेकाडावर. मधला लांब तिरका उतार घरापासून हळूहळू चढायचा, एक वळण घ्यायचा आणि वळणापुढे एकदम छातीवर यायचा. गुरुवारी अवेळी पाऊस झाला आणि रात्रीच्या थंडीने त्याची काच झाली. शुक्रवारी रात्रभर त्या काचेवर मांडीभर बर्फ पडला. त्यात काउंटीच्या बर्फ लोटणाऱ्या ट्रकने रस्ता साफ करता करता सगळा ढिगारा हिच्या उताराच्या तोंडाशी आणून टाकला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! तैस्तोच्या डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, काठी घेऊन चालायचा. त्या बर्फातून तो उतरणं शक्य नव्हतं.

आणि ती दोन बोटं गेली होती तिच्यामुळेच, निदान तैस्तोचं म्हणणं तसं होतं. आठ वर्षांपूर्वी वादळात त्याची मोटार शाळेजवळच्या मोठ्या चढावर अडकली. तो रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा होता. मागून औनेची बस आली, पोरांनी खचाखच भरलेली. बस त्याच्या समोरून गेली आणि थांबली नाही. शाळेत पोचल्या पोचल्या औनेने रस्ता साफ करणाऱ्या माणसांना त्याच्याकडे पाठवलं, पण तोवर रागाच्या भरात तैस्तो मोटार सोडून शेतातून पायी घराकडे निघाला होता. बोटं शेतात गोठली. "सख्ख्या बहिणीने मला कुत्र्यासारखं बर्फात सोडलं," हे तो सगळ्यांना सांगत राहिला. औनेला कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "चढावर थांबलेली बस म्हणजे मागे घसरलेली बस." एवढं बोलून ती विषय बंद करायची. आपण बरोबर होतो याची तिला खात्री होती. बरोबर असलेल्या माणसाने माफी कशाची मागायची?

तर शनिवारी सकाळी तिने सौनाची चूल पेटवली आणि शेडमधून ब्लोअर काढला. बर्फ तोंडाने ओढून नळकांड्यातून लांब फेकणारं ते यंत्र तिच्या नवऱ्याचं, एडविनचं. एडविन जाऊन तीन वर्षं झाली होती, पण यंत्र पहिल्या झटक्याला सुरू व्हायचं. घरापुढचा सपाट भाग तिने चुटकीसरशी साफ केला. चढ सुरू झाला आणि चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. बर्फ उडवावा तर खालून काच निघे, आणि काचेवर रबर काय पकडणार? तिने खांद्याने रेटलं, शिव्या घातल्या, पुन्हा रेटलं. यंत्र दोन हात वर गेलं आणि चार हात खाली आलं.

तेवढ्यात सिल्वी तळ्याच्या गोठलेल्या काठावरून स्कीवर आली. स्की न काढताच उभी राहून तिने तमाशा पाहिला.

"काय गं, यंत्राशी नाचतेयस की काय?"

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खाली ये आणि ढकल."

"मी? माझ्या कमरेला विचारून बघ. ट्रकवाल्याला बोलव की."

"तो रात्री येतो म्हणाला. रात्री काय आरती ओवाळायचीय?" औनेने यंत्र बंद केलं. "चाकांना साखळ्या लागतील. एडविनच्या आहेत."

"लावता येतात तुला?"

औनेने तिच्याकडे असं बघितलं की सिल्वीने मुकाट्याने स्की काढल्या. बसच्या चाकाला साखळ्या चढवण्यात औनेचा हात धरणारा सगळ्या काउंटीत नव्हता. ब्लोअरची चाकं म्हणजे तिच्या लेखी खेळणं.

पण साखळ्या एडविनने टांगल्या होत्या सरपणाच्या खोपटात, नेमक्या गळक्या फळीखाली. गुरुवारचा पाऊस त्यांच्यावर ठिबकला होता. दोन साखळ्यांचा मिळून बर्फाचा एकच मोठा गोळा झाला होता. औनेने तो हातोडीने ठोकला. गोळ्याला काही झालं नाही, हातोडीचा दांडा तेवढा हातात झिणझिणला.

"गरम पाणी ओत," सिल्वी म्हणाली.

"ओतलेलं पाणी इथे पुन्हा गोठेल. मला वेळ नाही." औनेने गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि तरातरा सौनाकडे निघाली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? साखळ्या बाकावर ठेवल्या असत्या, थोड्या वेळात त्या आपोआप सुटल्या असत्या. पण औनेच्या अंगात घाई शिरली होती. तिने तो गोळा सरळ चुलीवरच्या तापलेल्या दगडांवर टाकला. पाण्याची वाफ झाली, फुस्स करून सगळी खोली पांढरी झाली, कड्या खळाखळा सुटल्या. औने विजयी मुद्रेने वळली.

"दगडांवर लोखंड!" सिल्वी दारातच किंचाळली. "तुझी आई वरून बघत असेल! त्या दगडांवर पाण्याशिवाय कधी काही पडलं नाही!"

"आईला सांग, पोरगा येतोय म्हणून पडलं."

आणि मग वास आला. एडविन व्यवस्थित माणूस होता. प्रत्येक उन्हाळ्यात तो साखळ्यांना गंज लागू नये म्हणून भरपूर ग्रीस फासून ठेवायचा. ते सगळं जाड, काळं, वर्षानुवर्षांचं ग्रीस दगडांवर वितळलं आणि पेटलं. काळा धूर छताला लागला. बर्चच्या गोड वासाच्या जागी गॅरेज जळाल्यासारखा दर्प सुटला. औनेने चिमट्याने साखळ्या ओढून बाहेर बर्फात फेकल्या, तरी दगड धुमसतच होते.

सिल्वी डोळे पुसत खोकत होती. तिला हसूही आवरत नव्हतं. "छान! भावाला आता आत बसवून विचार, ओळख बघू, सौना आहे की मोटारीचं इंजिन?"

औनेने चिमटा खाली ठेवला. हे तिला लागलं. बर्फ, काच, ट्रकचा ढिगारा, ही सगळी देवाची करणी म्हणता आली असती. हा धूर तिच्या हातचा होता. ज्या खोलीत तो जन्मला, जिथे त्याला बसवून काहीतरी नीट बोलावं असं तिच्या मनात होतं, ती खोली तिनेच नासवली होती. पण हळहळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"सिल्वी, ऐक. विस्तव ओढून काढ. वरचे दगड काढून बाहेर टाक, तळ्याकाठच्या ढिगातले नवे घाल. भिंती साबणाने घास. मग नव्याने पेटव. होईल चारपर्यंत."

"आणि माझी कंबर?"

"कंबर मी उद्या रगडून देईन. पाव आहेत, कॉफी आहे. लाग कामाला."

"हुकूम करायला तुला कुणी शिकवायला नको," सिल्वी म्हणाली, पण तिने बाह्या सरसावल्या होत्या.

औनेने साखळ्या शेडमध्ये आणल्या. ब्लोअर पुढच्या तोंडावर टेकवला, मधल्या भागाखाली ओंडका सरकवला, चाकं अधांतरी झाली. खिळ्याने चाकांतली हवा सोडली. साखळ्या फळीवर शिडीसारख्या पसरल्या आणि कडी न् कडी बोटांखालून घातली. एके ठिकाणी पीळ पडला होता, तो सोडवला. एका कडीचा पीळ राहिला तर सगळी साखळी तिरकी बसते आणि चाक लंगडतं, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, नाहीतर रबर फाडतात. साखळी चाकावरून लोंबती सोडली, आडवे तुकडे सारख्या अंतरावर ओढून घेतले. मग खरी मेहनत. आतल्या बाजूचा आकडा यंत्र आणि चाक यांच्यामधल्या फटीत, जिथे डोळा पोचत नाही. तिने हातमोजे काढून टाकले, गाल रबराला लावला आणि नुसत्या बोटांनी चाचपडत आकडा कडीत घातला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा 'टक' झालं आणि तिने मोठ्याने "हां!" म्हटलं, जसं काही शेडमध्ये शंभर माणसं बघत होती. बाहेरचा आकडा सोपा. मग सायकलच्या पंपाने हवा भरली. चाक फुगत गेलं तशी साखळी आवळत गेली, शेवटी इतकी घट्ट की तिच्याखाली नख शिरेना. चाक हाताने फिरवून बघितलं. खट, खट. आतलं मोकळं टोक पत्र्यावर आपटत होतं. तारेने बांधून टाकलं, पुन्हा फिरवलं, आवाज नाही.

दुसरं चाक पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात झालं. औनेने बोटं तोंडात घालून ऊब दिली, हातमोजे चढवले आणि यंत्र बाहेर काढलं. सौनाच्या दारातून सिल्वीचं साबणाचं पाणी सांडत होतं, आणि नव्या विस्तवाचा धूर पांढरा, सरळ वर जात होता.

"कसं वाटतंय?" औने ओरडली.

"वास अजून आहे!" सिल्वीने आतून ओरडून सांगितलं. "पण आता थोडा माणसासारखा येतोय!"

चढाला लागल्यावर चाकं एकदा गिरकली, साखळ्यांनी काचेत दात रोवले आणि यंत्र असं वर निघालं जसं घोड्याला घरची वाट दिसावी. औनेच्या चेहऱ्यावर बर्फाचा भुगा उडत होता, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि ती चक्क गात होती. गाणं बेसूर होतं, पण यंत्राच्या आवाजात ते कुणाला कळणार? वळणही पार झालं. समोर उभा चढ, आणि त्याच्या टोकाला ट्रकने टाकलेला ढिगारा.

ढिगाऱ्यापलीकडे एक तपकिरी मोटार उभी होती.

चार वाजायला अजून अवकाश होता. पण तैस्तो नेहमी लवकर यायचा, लहानपणी शाळेतही. उतार अर्धाच मोकळा होता. वरून बघणाऱ्याला फक्त ढिगारा दिसला असता, आणि "काय समजायचं ते समजून" तो मोटार वळवून गेला असता. तिने हात हलवला, हाक मारली. यंत्राच्या आवाजात हाक तिची तिलाच ऐकू आली नाही.

मोटारीचं दार उघडलं. तैस्तो उतरला, काठी घेऊन ढिगाऱ्यावर चढला, वर क्षणभर उभा राहिला, आणि मग त्या म्हाताऱ्याला काय वाटलं देव जाणे, पलीकडच्या बाजूने तो सरळ खाली घसरला. न उडवलेल्या बर्फात कमरेपर्यंत रुतला. काठी कुठेतरी गेली. अगदी तिच्या वाटेत, चढाच्या सगळ्यात उभ्या जागी, तो खुंटासारखा रोवला गेला. त्याने एक हात वर केला.

जन्मभर औनेने स्वतःला आणि नव्या बसवाल्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की चढावर थांबायचं नाही. तिने हात मुठीवरून काढला.

मूठ सुटताच यंत्र बंद झालं. सगळीकडे एकदम शांत झालं. चाकं काचेवर होती, मागे सगळा उतार होता, आणि यंत्र तसूभरही हललं नाही. औने त्याला वळसा घालून बर्फ तुडवत भावापाशी गेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो किती म्हातारा दिसत होता! चर्चमधून लांबून हे कधी दिसलं नव्हतं.

"थांबलीस," तैस्तो म्हणाला.

"तू मधेच उभा आहेस. यंत्रात घालू का तुला? तळ्यापर्यंत उडशील."

"एवढा लांब फेकतं?"

"एडविनचं आहे."

तैस्तोने मान वाकडी करून चाकांकडे पाहिलं. "साखळ्या."

"साखळ्या आहेत म्हणून थांबता आलं."

"त्या दिवशी नव्हत्या."

"नव्हत्या. वादळाने वाटेतच गाठलं होतं."

"माहीत आहे मला," तैस्तो म्हणाला. "त्याच दिवशी माहीत होतं. थांबली असतीस तर बस पोरांसकट ओढ्यात गेली असती. खाणीत उतरलोय मी, मला काय उतार कळत नाही?"

औनेचा संताप संताप झाला. "मग आठ वर्षं तोंडाला कुलूप का लावलं होतंस, गाढवा?"

"बोटं गेली. कुणावर तरी रागवायचं होतं." तो खाली बर्फाकडे बघत होता. "याच्यावर रागवून काय उपयोग? आणि मग राग जुना झाला. जुना राग सोडायलाही लाज वाटते."

औनेने वाकून हातांनी त्याच्या कमरेभोवतीचा बर्फ उकरायला सुरुवात केली. तोही आपल्या बाजूने उकरू लागला.

"एक मात्र मला कळलं नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "नाही थांबलीस, ठीक आहे. पण मी हात वर करून उभा होतो, औने. तू मानसुद्धा वळवली नाहीस. नुसती समोर बघत गेलीस, जसं काही तिथे कुणी नव्हतंच."

औनेचे हात थांबले.

"मान वळवली असती तर बस वळली असती," ती म्हणाली. "आरशात बघत होते. तू लहान लहान होत होतास. वळण येईपर्यंत बघत होते. पोरं घाबरून ओरडायला लागली, मात्तिलाबाई, समोर बघा! तेव्हा समोर बघितलं."

तैस्तोने बर्फ लागलेल्या हातमोज्याने नाक पुसलं, दुसऱ्या हातमोज्याने पुन्हा पुसलं. मग दोन्ही हात पुढे केले, आणि औनेने त्याला काखांत हात घालून बाहेर ओढलं. ओढताना दोघंही पडले, तो तिच्या अंगावर. उठता उठता त्याने तिला काही वेळ तसंच धरून ठेवलं. तिनेही हात सोडवून घेतला नाही.

काठी तिला बर्फात सापडली. तिने ती झटकून त्याच्या हातात दिली.

"आधी वरचा ढिगारा फोडते," ती म्हणाली. "मग मोटार खाली घेऊन ये."

"मोटार वरच राहू दे. मी तुझ्या मागून चालतो."

"वरपर्यंत चढायचं आणि पुन्हा खाली उतरायचं? पायाचं काय?"

"का? घाई आहे तुला?"

"नाही," औने म्हणाली, आणि तिला खरंच नव्हती.

तिने यंत्र सुरू केलं. तैस्तोने मागून तिच्या कोटाचा पट्टा घट्ट धरला. चाकं जागच्या जागी एकदा गिरकली, साखळ्यांनी काच धरली आणि यंत्र चढू लागलं. औने त्याला आवरून धरत होती. इतकं सावकाश ती आयुष्यात कधी कुठला चढ चढली नव्हती, आणि दर दोन पावलांनी मान वळवून मागे बघत होती.